हिरोईन मरत नाही

आमची हिरोईन मरायची फार सुंदर. दिवाळी झाली की आमच्या भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर जत्रा आणि जेवणं उरकली की नाटक. त्या नाटकांत ती आज अड्याळला मरायची, उद्या पवनीकडे, परवा तुमसरच्या बाजूला कुठंतरी. कधी विष पिऊन, कधी सासूच्या छळानं, कधी नवऱ्यावरचा वार स्वतःच्या अंगावर झेलून. पोटात खंजीर असताना बाई आख्खं गाणं म्हणायची, तेही वरच्या पट्टीत, आणि शेवटचा सूर संपला की अशी कोसळायची की बायकांच्या बाजूनं हुंदके फुटायचेच. "रडनं सोपं हाये गा," ती म्हणायची, "पडनं कठीन. नीट नाई पडलं तं लोक हासतेत."

तिचं नाव शेवंता. पण आसगावपासून तुमसरपर्यंत सगळे तिला हिरोईनच म्हणत. आम्ही तोंडावर ताई म्हणायचो, कारण ती आमच्याहून मोठी आणि तिच्या तोंडाला लागायची आमची टाप नव्हती.

आम्ही म्हणजे अड्याळचे तीन रिकामटेकडे. मी, माझा दोस्त मन्या आणि मन्याचा मावसभाऊ. आमचा बँड होता. वरातीतला नव्हे बापा, गॉथिक मेटलचा! म्हणजे काय ते एका दमात सांगतो: काळे कपडे, कानठळ्या बसवणारी गिटार, मसणवट, चांदणं, विरह, एक बाई गोड आवाजात गाते आणि मागून एक गडी डरकाळ्या फोडतो. डरकाळ्या फोडणारा मी. गोड गाणारी बाई तेवढी आमच्याकडे नव्हती. गावातल्या ज्या मुलीला विचारावं तिचा भाऊ काठी घेऊन दारात यायचा.

मग एका मंडईत आम्ही हिरोईनला मरताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कंपनीच्या मुक्कामावर जाऊन धडकलो. तिनं आमच्या मोबाइलवर परदेशातल्या एका बँडचं गाणं शांतपणे ऐकलं. आता ही चप्पल काढते की काय, असं मला वाटत होतं. तर म्हणाली, "अरे, हे तं आमचं नाटकच होय! बाई रडून राहिली, मागं राक्षस वरडून राहिला. फक्त पेटी नाई." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "हा राक्षस का? याले आधी दोन टाइम जेवू घाला."

रेकॉर्डिंग आम्ही तुमसरला केलं. मन्याच्या मामाच्या राइस मिलचं एक गोदाम हंगामाआधी रिकामं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर बारदान टांगलं, पेटाऱ्यावर लॅपटॉप ठेवला. हिरोईन आली, चपला बाहेर काढल्या, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, "नारळ कुठी हाये?" आमच्याकडे नारळ नव्हता. नारळ फोडल्याशिवाय ती जन्मात कुठं गायली नव्हती, त्यामुळे मन्या भर उन्हात बाजारात पळाला. मग लॅपटॉपची पूजा झाली. कुंकू कीबोर्डात गेलं आणि दोन बटणं कायमची अडकून बसली. मी कुरकुरलो तर म्हणाली, "अडकू दे. देवाचं काम हाये."

तिला माइकची सवय होती ती नाटकाची, म्हणजे माइक असो नसो, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलंच पाहिजे. तिनं तोंड उघडलं की लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी लालेलाल. आम्ही माइक मागे सरकवत गेलो आणि शेवटी तो गोदामाच्या दारात पोचला. माइक दारात, बाई मधोमध, आणि तरीही मन्या ओरडतोय, "ताई, थोडं हळू!"

पण खरी पंचाईत वेगळीच होती. गाणं संपलं की हिरोईन पडायची! इतक्या वर्षांची सवय; शेवटचा सूर लांबला की गुडघे आपोआप वाकायचे. पहिल्याच गाण्याच्या शेवटी ती रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर धप्पकन कोसळली आणि कोंड्याची अशी धूळ उडाली की आम्ही सगळे शिंकत बाहेर. मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. पोत्यांवर बसूनच म्हणाली, "पोट्टेहो, ही सवय मोडा. हे रेकॉर्ड मी मायसाठी करून राहिले. यात मले मरायचं नाई."

तेव्हा आम्हाला कळलं. तिची आई आसगावला तळ्याखालचं धानाचं शेत बघायची. लेकीचं नाटक तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. नाटकाची लाज होती म्हणून नव्हे. "जित्या लेकीचं मरन कोनती माय पायीन?" असं तिचं म्हणणं. सगळ्या मुलखाला रडवणाऱ्या पोरीचं गाणं तिच्या आईनं स्टेजवर कधी ऐकलंच नव्हतं. हिरोईनला ही गोष्ट आत कुठंतरी फार लागत होती.

आणि मी लिहिलेल्या चारही गाण्यांत बाई मरत होती! आमच्या संगीतात मरावंच लागतं, असं मी तिला समजावायला गेलो. तिनं माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. "मेलेल्या बाईवर गाने लिवाले का लागते? कोनीबी लिवते. तिले मसनातून घरी आनून दाखव!" चरफडत मी शेवटचं गाणं बदललं. आता त्यातली बाई मसणातून उठते आणि पायवाटेनं गावाकडे परतते. रेकॉर्डचं नाव ठेवलं 'माघारी'. आमचं पहिलंवहिलं रेकॉर्ड.

ते आसगावच्या मंडईतच जाहीर व्हायला हवं, हा तिचा हट्ट. मंडई भरवणाऱ्या मंडळाला वाटलं आर्केस्ट्रा आहे, त्यांनी नाटकाआधीची दिवेलागणीची वेळ दिली. आईनं तीनतीनदा विचारून घेतलं, "नाई मरनार ना? मंग येईन." आम्ही तालमीत जीव काढला. शेवटचा सूर आला की मन्यानं झांज जोरात वाजवायची, म्हणजे हिरोईनला आठवेल: उभं राहायचं.

आम्ही काळ्या कपड्यांत स्टेजवर चढलो तेव्हा कोणीतरी विचारलं, "कोन गेलं गा?" माझी पहिली डरकाळी ऐकून एक आजोबा पुढे आले आणि मन्याला म्हणाले, "त्याले पानी द्या." पण हिरोईननं सूर लावला आणि मैदान गप्प झालं. तिसऱ्या गाण्याला शिट्ट्या पडू लागल्या. आई बायकांच्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन, हलत नव्हती की डुलत नव्हती.

शेवटचं गाणं. बाई मसणातून निघाली, पायवाट सरली, गाव दिसलं. सूर लांबला. मन्यानं झांज हाणली. मी हिरोईनच्या गुडघ्यांकडे बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते वाकले. पडली! आयुष्यात पडली नसेल इतकी सुंदर पडली.

मैदानात ना हुंदका फुटला, ना टाळी वाजली. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आरोळी आली, "उठ वं शेवंते! मले सांगतलं होतं ना, मरनार नाई म्हनून! उठ!"

आई उभी होती. पदर खांद्यावर घसरलेला, आवाज असा की आमचे भोंगे फिके. अगा, तेव्हा समजलं हा गळा आला कुठून! हिरोईननं पडल्या पडल्या एक डोळा उघडला. मग खदखदून हसत उठली, काजळ गालांवर आलेलं, आणि माइकमध्ये म्हणाली, "उठली वं माय, उठली." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट करून 'वन्स मोर'चा गिल्ला केला. आमच्याकडे वन्स मोर मिळाला की गावंच लागतं. ती पुन्हा गायली, शेवटपर्यंत उभी राहून. आई खाली बसलीच नाही. आपण बसलो तर पोरगी परत पडेल, अशी तिला खात्री असावी. मी डरकाळ्या फोडत होतो आणि रडत होतो. डरकाळीत रडलेलं कोणाला कळत नाही, हा आमच्या संगीताचा मोठा फायदा.

रेकॉर्ड त्याच वेळी स्टेजवरून इंटरनेटवर सोडायचं होतं, पण जत्रेच्या गर्दीत रेंज कुठली? बरंच झालं. मन्याच्या मोबाइलवर सगळा कार्यक्रम उतरला होता. ते पडणं, ती शांतता, आईची आरोळी, सगळं आम्ही शेवटच्या गाण्याला जोडलं आणि मगच 'माघारी' जगात सोडलं. कुठल्याशा थंड देशातून एकानं विचारलं होतं की ही दुसरी गायिका कोण, हिचं आणखी काही ऐकायला मिळेल का. हिरोईननं ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "सांग त्याले, सध्या धानाची कापनी सुरू हाये."

पुढं बँड काही टिकला नाही. मन्या पुण्याला नोकरीला लागला, माझी गिटार कपाटावर गेली. हिरोईन आपल्या नाटकात परतली, आणि तिकडे मरणं काही चुकत नाही. मागच्या मंडईत तिला भेटायला म्हणून मी नाटक संपल्यावर पडद्यामागे गेलो. ती अजून स्टेजच्या फळ्यांवर पडलेलीच होती, डोळे मिटून. शेजारी आई उभी होती. ती आता प्रत्येक नाटकाला येते. मरणाचा प्रवेश आला की मांडवाबाहेर जाते, आणि पडदा पडला की आत येते. तिनं वाकून लेकीपुढे हात केला.

"उठ वं," ती म्हणाली, "घरी चाल."