मनगटावरचं घर

समस्त नातेवाईक, शेजारी, दूधवाले आणि पेपरवाले यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बेसा येथील माझ्या ताईच्या घरामागचा नाला गोल आहे!

ही घोषणा मी ताईच्या बैठकीच्या खोलीत, छातीवर हात ठेवून केली. ताई तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"नाला लांब असते गा. गोल पोळी असते."

बरोबरच होतं तिचं. गोल आहे ते नाल्याचं खोरं, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी नाल्यात उतरतं ती सगळी जमीन. मिहानमधल्या ऑफिसात माझं पोट या खोऱ्यांवरच चालतं. उपग्रहाने टिपलेला उंचसखलपणा पडद्यावर घ्यायचा आणि चढाच्या माथ्याची रेघ शोधायची; थेंब अलीकडे पडला तर ही नदी, पलीकडे पडला तर ती. नाईल उंच, किडकिडीत, अमेझॉन ऐसपैस. जगभरच्या नद्यांची मापं मी शिंप्याच्या थाटात घेतो. परवा जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून ताईच्या नाल्याचं माप घेतलं, आणि डबा तसाच राहिला.

"लांब खोऱ्यातलं पाणी पाळीपाळीने येतं, ताई. गोल खोऱ्यातलं लग्नाच्या पंगतीसारखं, सगळं एकदम." मी पंजा पसरला. "ही बोटं म्हणजे ओहोळ. वरच्या शेतांचे आता प्लॉट पडून लेआउट झाले, सिमेंटचे रस्ते झाले. पाणी मुरणार कुठे? आणि तुमचं घर इथे, मनगटावर."

भाऊजी पलंगावरून बघत होते. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा डावा हात तेवढा हलतो, जीभ जड झाली आहे. पलंग रस्त्याकडच्या खिडकीशी आहे. भाजीवाला, शाळेचा ऑटोवाला, फिरायला निघालेले पेन्शनर तिथे थांबतात, आणि भाऊजींचा शब्द बाहेर पडेपर्यंत थांबून राहतात.

"भाऊजींना वरच्या खोलीत हलवू," मी म्हणालो.

"काहून भेववून राहिला त्यायले?" ताई उसळली. मग सुपातला हात थांबला. "मागच्या पावसात चहा उकळेपर्यंत पाणी पायरीले लागलं होतं. मी एकटी. यायले उचलता येते का मले? पलंगाची दांडी धरून उभी राहिली, बस."

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. माझा पसरलेला पंजा हवेतच राहिला.

"नेऊ मंग वर," ती हळूच म्हणाली. "शेजारच्या पोरायले बोलावते."

जिन्यावरून पलंग वळेल का, यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. इतक्यात खिडकीतून भाजीवाल्याची आरोळी आली. भाऊजींनी डाव्या हाताने गज घट्ट धरला, आणि जड जिभेने, पण स्पष्ट ऐकू येईल असं ओरडले,

"वरतून कोणासंग बोलू गा? कावळ्यायसंग?"