कामरगाव ते शिरपूर, आणि सुमीशी बोलत परत

कामरगावहून गाडी निघाली तेव्हा धुकं होतं. माझी नात सुमी मांडीवर पेंगत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानातलं मशीन शिरपूरच्या अशा मुलांच्या वर्गातून मिळालं. तो वर्ग परदेशातल्या मदतीवर चालतो. तिथल्या मॅडमनी शिकवल्यावर दिवाळीत ती पहिल्यांदा ‘पाणी’ म्हणाली. दुसरा शब्द ऐकायच्या आशेनं मी निघाले होते.

कारंजा मागं पडलं, शेलूबाजारला गाडी बदलली. धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) तूर पिवळी फुलली होती. धुक्यात ती तरंगत असल्यासारखी दिसे. बगळे झोपेत असल्यासारखे उभे होते. आपली गाडी जमिनीवर नाहीच, असं मला वाटत राहिलं. सुमीला दाखवावं असं मनात आलं, पण चारचौघांत बोलायची मला लाज वाटते.

मालेगावला शबाना चढली. तिचा मुलगा त्याच वर्गात आहे.

“काकू, मॅडमचा फोन आल्ता. काहीतरी गडबड हाये.”

शिरपूरला मंदिराकडं जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मागून आम्ही वर्गात पोचलो. भिंतीवरची चित्रं उतरवलेली होती.

“आज शेवटचा दिवस,” मॅडम म्हणाल्या. “श्रीमंत देश एकेक करून मदत कमी करत आहेत. आता आपल्याला देणाऱ्यांनीही हात आखडला. घरचेच खर्च वाढले म्हणतात.”

“काहून? त्याइच्या घरी शादी निघाली काय?” शबाना म्हणाली. जमलेल्या सगळ्या आया हसल्या, मॅडमही. मग त्या उतरवलेली चित्रं गुंडाळू लागल्या.

“मंग आमच्या पोरीचं कसं?” मीच विचारलं.

“मशीन तिचंच राहील. शब्द तुम्ही द्यायचे, आजी. दिसेल ते बोलत राहा. तुमच्या घरात तिला ऐकायला काही असतं का?”

मी मान खाली घातली. आमचं घर दिवसभर मुकं असतं.

झाडाखाली भाकर-ठेचा खाल्ला. शबानानं सुमीला शिरा भरवला. परतीच्या गाडीतून मालेगावला उतरताना ती म्हणाली, “बोला काकू, लोक काय खाते का?”

शेलूबाजारला गाडी बदलून मी खिडकीशी बसले.

“सुमे, ही तूर. पिवळी. हा बगळा. ते बैल, घरी चालले.”

माझाच आवाज मला परगावच्या बाईचा वाटला. पुढच्या सीटवरचे म्हातारबा वळले. “बाई, पोरीले सारा जिल्हा दाखवून राह्यली काय?”

“हो,” मी म्हणाले, आणि थांबले नाही.

मदत देणारा तो देश कुठं आहे, मला ठाऊक नाही. तिथंही कोणी असंच खिडकीतून शेतांकडं बघत असेल, असं उगीच वाटलं.

कारंज्याच्या पुढं ऊन कललं. सुमीनं काचेवर बोट टेकलं. बाहेर एक बैलजोडी धूळ उडवत चालली होती. माझ्या ओठांकडं बघत ती म्हणाली, “बै.”

कामरगाव जवळ येत होतं, आणि मला आणखी रस्ता हवा होता.