लिफ्टशिवाय एक मजला

नवरा गेल्यावर ती लाँड्रीच्या काउंटरमागून हललीच नाही. सांत्वनाला माणसांची रीघ लागली. कुणी तिचे डोळे पुसायला आलं, कुणी ते ओले आहेत की नाहीत एवढंच बघायला. काम घेऊन आला तो एकटा धाकटा दीर.

दीर लिफ्ट दुरुस्त करणारा. पन्नाशी कधीच उलटलेली, आणि तरी सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन बांबूउडी मारायचा. बांबू केव्हाच गेला, आता फायबरची काठी असते. उडीचं नाव तेवढं राहिलं. इस्त्रीचे कपडे न्यायला आला आणि म्हणाला, "वहिनी, आमच्या क्लबाला पंच मिळत नाही. तुम्ही या."

"मला त्यातलं काय कळतंय, भावजी?"

"उडीतलं मी शिकवतो. बाकीचं तुम्हाला येतंच. दादाची एक थाप कधी पचू दिली नाहीत."

तिला हसू आलं. शटर ओढून ती त्याच्याबरोबर निघाली.

तेव्हापासून ती उडीच्या आडव्या दांडीशेजारी उभी असते, एका हातात पांढरा बावटा, दुसऱ्या हातात लाल. मैदानावर ती बावटेवाल्या काकू. कोण कुठल्या गटात बसतो तेही तीच ठरवते, आणि ते ठरवायची तिची स्वतःची रीत आहे. नवशिक्याचे पाय बघायचे, कारण त्याची उडी धावतानाच बिघडलेली असते. मधल्या फळीतल्याची कंबर बघायची. पाय वर जातात आणि कंबर बिचारी खालीच राहते. मुरलेल्या गड्याचं मात्र काही म्हणजे काही बघायचं नाही, नजर दांडीवर ठेवायची, कारण बाकीचं तो इतकं देखणं करतो की बघणारा भुलतो. बावटा सगळ्यांना एकच. दांडी राहिली तर पांढरा, पडली तर लाल. डुगडुगत असेल तर थांबायचं, मग लोक कितीही "काकू, दाखवा की" म्हणोत.

एका वर्षीच्या स्पर्धेत सकाळी नवशिक्यांचा गट होता. उडी मारणारा वर गेला की काठी सोडून देतो. ती दांडीकडे पडत असेल तर तिला कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. काठीने दांडी पाडली किंवा कुणी ती काठी झेलली, तर उडी फुकट. नवशिक्यांना मात्र क्लबाने सूट दिलेली, त्यांची काठी झेलली तरी चालते. सकाळभर ती काठ्या झेलत होती.

दुपारी ज्येष्ठांचा गट. दिराचा गुडघा कामातून गेला होता. ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर उड्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला तीन मीटर, म्हणजे एका मजल्याएवढी उंची, कधीच जमली नव्हती.

"एक मजला, वहिनी," तो म्हणाला. "जन्मभर लोकांना वर पोचवलं. एक मजला तरी लिफ्टशिवाय जाऊ द्या."

बाकावर बसलेली तिची जाऊ, दिराची बायको, म्हणाली, "आता तुमच्याच हातात आहे हो, ताई."

"माझ्या हातात बावटे आहेत," ती म्हणाली.

पहिल्या दोन प्रयत्नांत तो दांडीसकट गादीवर आला. तिसऱ्याला काय झालं कोण जाणे, लंगडत धावला, काठी रोवली, काठी वाकली आणि त्याला उचलून घेऊन गेली. दांडीला शर्टसुद्धा लागला नाही. सोडलेली काठी क्षणभर सरळ उभी राहिली, कुणीकडे पडावं याचा विचार करत असल्यासारखी. आणि तिचा हात पुढे गेला, काठी झेलून बसला. सकाळभराची सवय, दुसरं काय.

टाळ्या पडल्या. दांडी जागच्या जागी. काठीकडे कुणी बघितलंच नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. पण काठी मागे पडत असती तर तिच्या तळव्यावर रेलली असती. ती तर बोटांतून पुढे निसटू पाहत होती, दांडीकडे. पांढरा दाखवला असता तर कुणी ब्र काढला नसता.

तिने लाल उचलला.

"घरचाच पंच आणि घरालाच लाल," जाऊ म्हणाली. "एवढी एक उडी डोळ्याआड केली असती तर आभाळ कोसळणार होतं का?"

दीर गादीवरून उतरून तिच्यापुढे आला. काठी अजून तिच्याच हातात होती.

"दांडीवर येत होती?"

"येत होती."

त्याने पुन्हा विचारलं नाही. काठी घेतली आणि म्हणाला, "म्हणजे लिफ्ट मध्येच अडकली म्हणायची." मग बायकोकडे वळला. "चल, आवर. त्यांच्यावर कशाला डाफरतेस? मीच आणलंय त्यांना."

तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. काउंटरमागून बाहेर काढल्याचे उपकार होतेच, त्यात हे न विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे. रात्री इस्त्री करताना एकाच शर्टावर तिने चारदा हात फिरवला.

ऑपरेशननंतर त्याच्याकडेही माणसं सांत्वनाला गेली. ती गेली ती धुतलेले बावटे घेऊन.

"भावजी, मला जोडीला एक पंच हवाय."

"या पायावर उभा कसा राहू?"

"खुर्ची टाकते. सगळे माणसाकडे बघतात. काठी कुणीकडे पडते ते बघायला कुणीच नसतं. तेवढं तुम्ही बघा."

जाऊ आतून म्हणाली, "न्या हो ताई, लवकर न्या. घरात बसून माझ्या स्वयंपाकाला दोन्ही वेळा लाल दाखवतायत."

दिराने लाल बावटा उलगडला, घडी बघितली, पुन्हा मिटला.

"आणि काठी अंगावर आली तर?"

"हात मागे बांधायचे," ती म्हणाली. "मीपण बांधणार आहे."