पायऱ्या दाखवल्याशिवाय मार्क नाहीत

भांडुपच्या टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, प्रेमा राणे अरबी शिकवायच्या. बाई मालवणकडच्या. मस्कतच्या शाळेत गणित शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि तिथेच अरबी त्या आपल्या आपण शिकल्या, गणितासारखी मांडून मांडून. आखातात नोकरीला निघालेल्या नर्सेसना त्या फळ्यावर सांगत, "श, र, ब. यांना क्ष, य, झ समजा आणि साच्यात घाला. पितात ते मशरूब. शरबत आणि शराब याच घरच्या लेकी. आता अक्षरं बदला. क, त, ब. लिहिलेलं ते?"

"मकतूब!" पोरी ओरडत. मग भात पोटरीला आल्यावर शेतकऱ्याचा होतो तसा बाईंचा चेहरा क्षणभर निवे. एरवी तो तव्यासारखा तापलेलाच.

त्या दिवशी क्लासचा मालक निलेश हसतच वर आला. मागे रुचिरा घाडी, मान खाली. आखातातल्या हॉस्पिटलच्या साहेबाने व्हिडिओवर घेतलेल्या अरबी मुलाखतीत ती नापास झाली होती.

"मॅडम, वाट लागली! साहेबाने विचारलं, आधी कुठे काम केलंस? तर ही बोटं मोजतेय. 'काम म्हणजे अमल. मूळ अक्षरं ऐन, मीम, लाम. साचा भूतकाळाचा. म्हणून...' आणि ते पण मराठीत! उद्यापासून मी पुस्तिका देतो. वाक्यं पाठ करायची, खेळ खल्लास."

"मेल्या, नर्स पाठवतोस की पोपट?" बाई कडाडल्या. "पेशंट तुझी पुस्तिका वाचून आजारी पडतलो काय?"

मग त्या रुचिराकडे वळल्या. "आणि तू गं? तोंडाने कशाला बडबडलीस?"

रुचिराचे डोळे भरलेले, पण आवाज चढला. "तुम्हीच म्हणता ना मॅडम, पायऱ्या दाखवल्याशिवाय मार्क नाहीत!"

बाईंच्या हातातला खडू मोडला. वाक्य त्यांचंच होतं. मुलांच्या कितीतरी पिढ्यांना त्यांनी ते दरडावून ऐकवलं होतं. निलेशवरचा राग सोपा होता, तोंडातून निघून जायचा. हा मात्र स्वतःवरचा होता, कडू काढ्यासारखा गिळावा लागला.

"परत कधी बोलावलंय?"

"सोमवारी. शेवटचा चान्स," निलेश म्हणाला. "या वेळी नापास झाली तर पुढची बॅच दुसऱ्या शिक्षकाला."

सोमवारपर्यंत बाईंनी रुचिराला पिळून काढलं. प्रश्न टाकायच्या आणि तिचे ओठ जरा हलले की टेबलावर पट्टी आपटायच्या. "गिळ! पायरी गिळ! उत्तर तेवढं बाहेर." रुचिरा रडली, चिडली. एकदा दप्तर उचलून जिन्यापर्यंत गेली आणि धुसफुसत परत आली. बाईंनी समजूत काढली नाही. नवा प्रश्न टाकला.

सोमवारी साहेबाने आडवातिडवा प्रश्न विचारला. पेशंटने औषध थुंकलं तर त्याच्या नातेवाइकांना काय सांगशील? रुचिराचा चेहरा स्थिर राहिला. टेबलाखाली मात्र बोटं सरकली, एक, दोन, तीन. मग अरबीत उत्तर आलं, धीमं पण अखंड. साहेबाने मान डोलावली आणि हजर व्हायची तारीख सांगितली.

निलेश खूश. "बघा मॅडम! पायऱ्या सोडल्या आणि झकास जमलं!"

"सोडल्या? गाढवा, तुला दिसल्या नाहीत एवढंच."

"बरं बाबा. पुढची बॅच पण तुम्हीच घ्या."

"घेणारच. आणि ती तुझी पुस्तिका खिडकीत अंथर, कबुतरं फार घाण करतात."