बिनखिडकीची न्हाणी

लग्न होऊन मी कर्जतजवळच्या या गावात आले तेव्हा न्हाणी म्हणजे घराच्या मागच्या अंगाला कारवीचा कूड, मध्ये बसायला एक धोंडा आणि वर आभाळ. समोर माथेरानचा डोंगर दिसे. न्हायला बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही, म्हणून दिवसभरात तेवढाच वेळ माझा असायचा.

हे खोपोलीच्या वीजघरात कामाला होते. तिथल्या साहेबाच्या बंगल्यातली न्हाणी यांनी पाहिली आणि आपल्याकडेही पक्की हवी, असं मनावर घेतलं. मागच्या वाटेने परकी माणसं जाऊ-येऊ लागली होती, कुडाच्या फटीतून दिसायचं, हेही खरंच होतं. उन्हाळ्यात कूड पाडला. विटांच्या भिंती आल्या, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, सागवानी दार. पाणी तापवायची चूलसुद्धा आतच, कोपऱ्यात.

विटा वाहायला ठाकुरवाडीकडची एक ठाकरीण यायची. भिंत डोक्याच्या वर गेली तेव्हा तिने पाटी खाली ठेवून मला विचारलं, "वैनी, खिडकी नाय ठेवायची?"

जेवायला वाढताना मी यांना तेच विचारलं.

"बाईमाणसाच्या न्हाणीला खिडकी? मग भिंत कशाला बांधली?"

सासूबाई म्हणाल्या, "आमचा जन्म उघड्यावर न्हाण्यात गेला. तुला चार भिंती मिळाल्या, त्यातही खोट काढतेस?"

धूर जायला पत्र्याखाली वीतभर फट होती, पण पावसाचा झोत आत येऊ लागला तसं यांनी तीही गोणपाट कोंबून बुजवली.

श्रावणात घरची सगळी भातातलं तण बेणायला शेतावर गेली होती. माझा चौथा दिवस. तीन दिवस बाहेर बसून झाले होते, डोक्यावरून न्हायचं म्हणून मी एकटी मागे राहिले. दार जोर लावून आतून लोटलं, कडी लावली, चूल पेटवली. लाकडं ओली होती. धूर कोंडायला लागला म्हणून कडी काढली आणि दार ओढलं. ते हललं नाही. पावसाने फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं, आणि आतून धरायला त्या कडीशिवाय काही नव्हतं. ती ओढता ओढता माझी बोटं सोलली.

मी हंड्यातलं पाणी चुलीवर ओतलं. त्याने उलट राखेची वाफ उसळली आणि काहीच दिसेना. हाका मारल्या, पण पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की माझाच आवाज मला ऐकू येईना. शेवटी फरशीवर पालथी पडले आणि पाणी जायच्या भोकाला तोंड लावलं. तिथून थंड वारा येत होता. एक श्वास घ्यायचा आणि त्याच भोकातून ओरडायचं. किती वेळ ते चाललं, कळलं नाही. यातच मरायचं, एवढा एकच विचार मनात होता.

"मोरीतून कोन वरडतं गं?"

ती ठाकरीण होती. रानातली कंटोळी विकायला आली होती.

"मी गं! दार अडकलंय!"

तिने बाहेरून दाराला धक्के दिले. मग म्हणाली, "थांबा. भिंतीत परांचीचे वासे खुपसलेले, ती भोकं गवंड्यानं नुसत्या मातीनं बुजवलीत. मीच दिली ती माती." कोयत्याने तिने ते भोक उकरलं, बाजूच्या दोन विटा पाडल्या. धूर बाहेर धावला. तिचा हात आत आला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला.

"सोडा आता, वैनी. मानसं बोलवून आनते."

सोडवेना, पण सोडला.

शेतावरून सगळे पळत आले. दीर पहार घेऊन आले, तर सासूबाईंनी त्यांना थांबवलं आणि भोकातून लुगडं आत सारलं. "आधी नेस. मग दार काढतील." मी खोकत, भिंतीला टेकत नेसले. मग दार उखडलं.

संध्याकाळी हे आले, भोकाशी बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, "एवढं राहू द्या."

"नवीन भिंत आहे," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. वाईटच वाटलं होतं त्यांना. पत्र्याखालचं गोणपाट त्यांनी स्वतः काढलं, दाराच्या कडा तासून घेतल्या. भोक मात्र आठ दिवसांत चुन्याने बंद झालं.

त्यानंतर मी ते दार कधी लावून घेतलं नाही. उघडं ठेवलेलं घरात चालण्यासारखं नव्हतं, म्हणून सासूबाई बाहेर पाट टाकून, माझ्याकडे पाठ करून राखणीला बसू लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या त्या पाठीचा मला आधार वाटे आणि तिचीच चीडही येई. दर दोन तांब्यांनंतर त्या विचारायच्या, "झालं का गं?"

"होतंय," मी म्हणायची, आणि भराभर पाणी ओतायची.