डोळे खरवडलेला संत

बाई दुकानात शिरली तीच नजर चुकवत. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवून, माझ्याऐवजी माझ्या कानाकडे बघत म्हणाली, "फ्रेम. काच नको." आखातात, हमरियातल्या त्या दुकानात सहा वर्षं फ्रेमा करत होतो, काच नको म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. मनात पाल चुकचुकली.

टॉवेल उघडला तर भिंतीचा तुकडा! दोन बोटं जाड गिलावा, त्यावर लांबोडक्या चेहऱ्याचा दाढीवाला संत, डोक्यामागे पिवळं वलय. आणि डोळे खरवडून काढलेले. दोन्ही जागी नुसते पांढरे खड्डे.

"कुठून आणलं?"

"बल्गेरिया. माझ्या गावचं जुनं चर्च."

ती एका हॉटेलात केक करायची म्हणे. आता केक करणाऱ्या बाईकडे चर्चची भिंत कशी येते, तुम्हीच सांगा! आमच्या देवळातली समई कुणी हलवली तरी गाव गोळा होतं. मी गोड हसून काम घेतलं. ती गाडीत बसताच गाडीचा नंबर कॅलेंडरच्या फाटक्या पानावर टिपला, खाली हॉटेलचं नाव. उद्या पोलीस आले तर व्हिसा माझा जाणार, अर्बाब, म्हणजे दुकानाचा अरब मालक, हात वर करून मोकळा.

खोलीवरचा गाववाला म्हणाला, "चोरीचो माल असतलो रे. देवन टाक आणि खलास कर."

फ्रेम दुसऱ्याच दिवशी झाली, पण मला ते डोळे सलत होते. कुडाळला आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती बनवायचा मांगर. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते फक्त बाबा काढणार. डोळे न काढलेली मूर्ती शाळेबाहेर जात नाही म्हणजे नाहीच. आणि हा संत, कुठल्यातरी मेल्याने डोळे फोडलेला, माझ्या हातून तसाच जाणार? तिसऱ्या दुपारी ब्रश आणि पोस्टर कलर काढले. बुबुळं भरली, उजेडाचा पांढरा ठिपका दिला. काय जिवंत झाला म्हणून सांगू! चोर असली तरी बाई खूश होणार, याची मला खात्री होती.

गुरुवारी ती आली. फ्रेम बघितली आणि तोंडावर हात ठेवला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

ती स्टुलावर बसली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं ते असं. ते डोळे कुणी फोडले नव्हते. त्यांच्या गावात लेकराचा डोळा बिघडला की आई चर्चमध्ये जायची, संताच्या डोळ्याचा कण नखाने खरवडायची आणि पाण्यात कालवून लेकराच्या डोळ्याला लावायची. कितीतरी आयांनी ते खरवडलेले. आता गाव ओस पडलं, चर्चचं छप्पर कोसळलं, तेव्हा पाद्र्याने उरलेल्या घरांना एकेक तुकडा वाटला. "डाव्या डोळ्यातली शेवटची रेघ माझ्या आईच्या नखाची," ती म्हणाली. आई आता नव्हती. त्या रेघेवर बोट ठेवता यावं म्हणून तिला काच नको होती.

मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. डावा डोळा दुधाळ होता. नजर चुकवत होती कुठली, तिला त्या डोळ्याने दिसतच नव्हतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तुमचा डोळा बरा नाही झाला?" मी मूर्खासारखं विचारलं.

"नाही. पण आईने करायचं ते केलं."

मी ओला कापूस घेतला. उजव्या डोळ्याचा रंग निघाला. डाव्यात मात्र तो मुरला होता, आणि पुसता पुसता खालचा भुसभुशीत गिलावाच सुटला. त्याबरोबर रेघही गेली. अरे देवा! तिने माझं मनगट धरलं. काउंटरवर काळपट भुकटी पडली होती.

"ती मला दे."

हाताला लागला तो कागद ओढून मी भुकटी त्यावर गोळा केली. पुढे केला तेव्हा दिसलं, माझ्याच अक्षरात गाडीचा नंबर आणि हॉटेलचं नाव. तिने कागद चांगल्या डोळ्याजवळ नेऊन सावकाश वाचला. मग माझ्याकडे बघितलं, आणि आता नजर मी चुकवली.

"गाडी मैत्रिणीची आहे," ती म्हणाली. "मला या डोळ्याने चालवता येत नाही."

त्याच कागदाची, नंबर आत घेऊन, तिने घट्ट पुडी बांधली आणि पर्समध्ये ठेवली.