पाण्यावरचे कांदे

कॉस्मे शापाय कांदा खात नाही हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत होतं. का खात नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

शापाय म्हणजे आजोबा. क्लॉडिया माझी शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून तिचा शापाय तो माझाही. तरुणपणी तो नौदलात स्वयंपाकी होता. नोकरी संपवून मालवणला परतल्यावर त्याने कसालपासून बांद्यापर्यंत लग्नांची आणि फेस्तांची, म्हणजे चर्चच्या सणांची, जेवणं केली. पंचाहत्तरीतही तो टोपलीभर कांदा बोलता बोलता चिरतो, सुरीकडे बघतही नाही. वाटणाचा कांदा नेमका कधी उतरवायचा हे त्याला वासावरून कळतं. पण सागुतीचं, म्हणजे कांदा-खोबऱ्याच्या रश्श्याचं, मीठ बघायचं झालं की तो बायकोला हाक मारायचा. कोन्सेसांव तळहातावर थेंब घ्यायची, चाखायची आणि नुसती मान हलवायची. त्याच्यापुरतं कांदा नसलेलं कालवण ती वेगळं करायची. ती गेल्यावर चाखायचं काम क्लॉडियाकडे आलं. सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, बोललेला काही नवस असेल असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

क्लॉडियाचं लग्न जानेवारीत ठरलं तेव्हा तिने त्याला छेडलं, "शापाय, नवऱ्याकडची माणसां विचारतली, तुजो आजो जैन झालो काय म्हणून."

"सांग, म्हातारपणी सगळेच जैन होतत," तो म्हणाला आणि लसूण सोलत राहिला.

इथल्या ख्रिश्चन घरांत लग्नाआधी भिकाऱ्यांचं जेवण घालतात. घरातून गेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना पंगतीला बसवायचं, प्रत्येकाला तू कोणाच्या जागी बसला आहेस ते सांगायचं, आणि त्या माणसाला जे आवडायचं ते वाढायचं. हल्ली पंगतीला माणसं मिळत नाहीत. म्हणून क्लॉडियाचे वडील रोनी यांनी वृद्धाश्रमात पाकिटं पाठवायचं ठरवलं होतं. शापायने ऐकून घेतलं आणि सांगितलं की पंगत घरीच बसेल, माणसं तो आणेल. घरचे गेलेले पाच जण, त्यांच्याशिवाय आणखी नऊ पानं मांडायची. आणि त्या दिवशी स्वयंपाकात डुक्कर नको.

रोनीकाका हसलेच. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल नसलेलं जेवण त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि ते तर कोन्सेसांवच्या आवडीचं. डुक्कर का नको असं विचारलं, तर शापाय म्हणाला, "ते खायत नायत."

"ते कोण?"

आम्ही मागच्या पडवीत कांदे सोलत होतो. शापायने हातातला कांदा पाण्याच्या घमेल्यात टाकला. तो खाली गेला, वर आला आणि हलत राहिला.

"बटाटो बुडता," तो म्हणाला. "कांदो तरंगता."

मग त्याने सांगितलं. मधे दोनदा उठून चुलीतलं लाकूड सारून आला.

एकाहत्तरच्या युद्धात, डिसेंबरात, तो एकवीस वर्षांचा होता, एका लहानशा जहाजावर. शत्रूची पाणबुडी बंदराच्या तोंडाशी बुडाली होती. आत नव्वदच्या वर माणसं, एकही वर आलं नाही. शोध घ्यायला पाठवलेल्या जहाजांत त्याचंही जहाज होतं. पाण्यावर तेलाचा जाड थर होता. त्यात फळकुटं, एक लाइफ जॅकेट, भिजलेले कागद. आणि कांदे. बाकीचे जॅकेटकडे बघत होते, त्याची नजर कांद्यांवर गेली. त्याच्या जहाजावर चार दिवस ताजा शिधा आला नव्हता. कांदा संपला होता आणि बिनफोडणीच्या डाळीवरून सगळे त्याला बोलत होते. त्याने बादली सोडली. वीसेक कांदे निघाले. वरच्या दोन पापुद्र्यांना डिझेलचा वास होता, आतला कांदा चांगला होता. दुपारी त्याने फोडणी दिली. सगळ्यांनी वाखाणून खाल्लं. त्याने स्वतः दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी टोप घासताना त्याचे हात थांबले.

"माका वाटलां, थंय माज्यासारखोच कोणतरी आसतलो. सकाळच्या जेवणाक तेणां ते काढून ठेवलले आसतले." त्याने घमेल्यातला कांदा उचलून पुसला. "तेंचां जेवाण आमी खाल्लां. माका तां परत करूचां आसा. धा जणांमागे एक, म्हणान नव पानां."

हे त्याने आजवर फक्त कोन्सेसांवला सांगितलं होतं. नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी दफनभूमीच्या क्रुसापाशी ती एक मेणबत्ती जास्त का लावायची, ते क्लॉडियाला आत्ता कळलं.

रोनीकाकांनी म्हटलं, "पपा, शत्रूची माणसां ती."

"आसतली. पण जेवूची रवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी शापाय जेटीवर गेला. मी आणि क्लॉडिया सोबत होतो. जोराचा वारा पडत नव्हता म्हणून ट्रॉलर दोन दिवस बंदरातच होते. गुरुदास तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा कप्तान, जाळी तपासत बसला होता. त्याच्याकडचे आठ खलाशी बाहेरगावचे, कोणी होन्नावरकडचे, कोणी आंध्रातले, दोघे नेपाळी. शापायने त्या सगळ्यांना पंगतीला बोलावलं.

"कॉस्मेकाका, माज्या खलाशांक भिकारी करतास?" गुरुदासने हसत विचारलं, पण ते त्याला लागलं होतं. कष्टाचं खाणारी माणसं आहेत, भिकाऱ्यांच्या पंगतीचं कळलं तर येणार नाहीत, आणि मी त्यांना ओढून आणणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

"भिकारी नको रे. माका दर्यावरची माणसां होयी."

मग शापायने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. गुरुदास ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, विचारून बघतो.

जेवणाच्या दिवशी वाडीतली पाच माणसं वेळेवर आली. कोन्सेसांवच्या पानावर बाजारात भाजी विकणारी हौसाबाई बसली. बसताना म्हणाली, "कोन्सेसांव माज्यापेक्षा बारीक होती हां. वडे दोन जास्त घाला." पुढची नऊ पानं रिकामी होती. साडेबारा झाले, एक झाला. सागुती दोनदा गरम झाली. रोनीकाका एकदा म्हणाले की पाच जणांना तरी वाढून घेऊ. शापाय फाटकाशीच उभा राहिला. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि बाह्या वर दुमडल्या होत्या.

सव्वा वाजता ते आले. आंघोळी केलेले, केस चापून बसवलेले, एकामागून एक. शेवटी गुरुदास. "नवांत एक कमी पडत होतो," एवढंच म्हणून तोही रांगेत उभा राहिला.

होन्नावरच्या वयस्कर खलाशाने बसण्याआधी विचारलं, आम्ही कोणाच्या नावाने जेवायचं? सगळे शापायकडे बघायला लागले.

"नावां माका माहीत नाय," तो म्हणाला. "बोटीवरचे सगळे."

खलाशाने मान हलवली, जणू हे नाव पुरेसं होतं. मग शापायने विचारलं, तुमच्यात स्वयंपाक कोण करतो? आंध्रातल्या एका किडकिडीत माणसाने हात वर केला. शापायने त्याला दंडाला धरून पहिल्या पानावर बसवलं.

त्या नऊ पानांवर त्याने दुसऱ्या कुणाला वाढू दिलं नाही. वडे, कोंबडीची सागुती, भात आणि मीठ-लिंबू लावलेला कच्चा कांदा. कांदा त्याने हाताने वाढला, प्रत्येकापाशी वाकून. आधी सगळे पानाकडे बघत बसले. मग नेपाळ्यांपैकी एकाने आणखी कांदा मागितला, गुरुदासने त्याला काहीतरी टोमणा मारला, आणि जेवण सुरळीत सुरू झालं. शापाय दोन पंगतींच्या मधे रिकामी परात घेऊन उभा होता. मी कॅमेरा आणला होता, तो पिशवीतच राहिला.

हात धुऊन निघताना तो आंध्रातला स्वयंपाकी संकोचत शापायजवळ आला. वारा उतरला होता, संध्याकाळी ट्रॉलर सुटणार होता आणि त्यांचा कांदा संपला होता. तोडक्या हिंदीत त्याने चार कांदे मागितले.

शापाय आत गेला आणि लग्नासाठी आणलेलं अख्खं पोतं ओढत बाहेर घेऊन आला.

"आणि लग्नाक?" क्लॉडियाने विचारलं.

"बाजारात कांदे संपले काय गो?"

रोनीकाका पुढे झाले. बापलेकांनी पोतं स्कूटरवर आडवं घातलं आणि जेटीवर नेलं. ट्रॉलरवर ते कुठे ठेवायचं हे शापायने स्वतः चढून दाखवलं, केबिनच्या मागे, उंचावर, पाणी पोचणार नाही तिथे. स्वयंपाकी बरं बरं म्हणत होता. शापायने त्याच्याकडून दोरी मागून घेतली आणि पोतं खांबाला बांधलं.

लग्नाच्या सकाळी मांडवामागे तीन चुली पेटल्या होत्या. आचारी दुसरे होते, पण सागुतीपाशी शापायच. मीठ घातल्यावर त्याने सवयीने हाक मारली, "गो क्लॉडिया!" क्लॉडियाच्या केसांत तेव्हा फुलं माळत होते. म्हणून मी जाऊन माझा तळहात पुढे केला.

त्याने पळी उचलली. माझ्या हाताकडे बघितलं, आणि थेंब स्वतःच्या तळहातावर घेतला. वाफ निघून जाईपर्यंत तो तसाच उभा होता. मग त्याने हात तोंडाशी नेला.

"मीठ कमी आसा," तो म्हणाला, आणि डब्याकडे वळला.